अंगठ्याची दोरी

दाराच्या कडीपासून निघालेली सुतळी
खिडकीच्या गजातून आत यायची
आणि रात्री अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची.
हरिपूर रोडच्या आमच्या दोन खोल्यांची
हीच बेल.
कुणी ओढली की अण्णा आधी झोपेतच लाथ झाडायचे,
मग उठायचे.

दिवसा बेल मी होते.
कुकरच्या शिट्ट्या मी, दूधवाला मी,
बँकेतला साहेब, त्याचा खोकला, त्याचा नकार,
सगळं मीच.
सात वर्षांची होते तेव्हा डॉक्टरांचं एक वाक्य
मी आईच्या हातांपर्यंत नेलं,
वाटेत थोडं कमी केलं.

महापुराच्या साली रात्री दोनला
रिक्षावरचा कर्णा ओरडत गेला गल्लीतून.
लाईट नव्हती, बोटं दिसत नव्हती.
मी आईच्या तळहातावर नदी काढली
आणि पाणी चढवत नेलं
मनगटावरून कोपरापर्यंत.
कोपराशी ती उठली.

आता मी भोसरीत नोकरीला.
दाराला बटण आहे, बटणाला तार नाही.
दाबलं की आतला दिवा तीनदा मिचकतो
आणि आईच्या मनगटावरचं घड्याळ
मुठीत धरलेल्या नाकतोड्यासारखं धडपडतं.
ओट्यावरचा फोन घरभर कान देऊन बसतो,
ऐकलेलं लिहून दाखवतो:
पाणी वाहतंय. कुत्रं भुंकतंय.
एकदा लिहिलं, बाळ रडतंय.
आईनं सगळी चाळ पालथी घातली.
पत्र्यावर कुलकर्ण्यांचा बोका होता.

रात्री नऊला ती स्क्रीनवर येते,
आधी हनुवटीवर बोट ठेवते.
तिथं मला तीळ आहे, तेच माझं नाव.
दाखल्यावरची त्रिशला तिच्या ओळखीची नाही.
मी एका हातात फोन धरून बोलायला लागले
की चिडते:
फोन टेकव कशाला तरी. दोन्ही हात वापर.
एका हातानं तोतरी वाटतेस.
मग मी लोणच्याच्या बरणीला टेकवते
आणि नीट बोलते.

परवा ती एकटीच बँकेत गेली.
साहेब बोलत गेला, फोनवर अक्षरं उमटत गेली,
तिनं सगळं वाचलं, काहीच कमी न करता,
आणि भांडून पासबुक भरून आणलं.
मला बरं वाटलं.
जेवण मात्र गेलं नाही.

अण्णांना या कशाचंच नवल नाही.
मार्केट यार्डात पोती उचलत आयुष्य गेलं,
हळद नखांतून निघालीच नाही.
ते सांगतात, पूर्वी सौदे रुमालाखाली व्हायचे,
बोटं बोटांना भाव सांगायची,
दलाल, शेतकरी, सगळे गप्प.
तेव्हा अख्खं यार्ड आपल्यातलं होतं, म्हणतात,
आणि हसतात. त्यांच्या हसण्याला आवाज आहे,
हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

गेल्या शनिवारी न कळवता आले.
शेवटची एसटी, फोन मेलेला,
विश्रामबागपासूनच सगळा अंधार.
बटण दाबलं. दाबत राहिले.
आत दिवा नाही, वायफाय नाही,
आणि घड्याळ नक्की चार्जरला अडकून निजलेलं.
त्या घराला मी पहिल्यांदाच
बहिरं म्हटलं, मनातल्या मनात,
आणि लाज वाटली.

मग कडीपाशी हाताला सुतळी लागली.
अजून होती.
ओढली.
आत काहीतरी धप्पकन पडलं.
बऱ्याच वेळानं कडी निघाली,
दारात अण्णांचा घामाचा, हळदीचा वास.
कोण, हे विचारायला त्यांना उजेड नव्हता,
सांगायला मला नव्हता.
मी त्यांचं बोट धरलं
आणि हनुवटीवर ठेवलं.

ते बराच वेळ तिथंच राहिलं.

मग त्यांनी माझ्या हातात एक ओला टॉवेल कोंबला.
दोरीवर हल्ली आई कपडे वाळत घालते.